पार्श्वभूमी

मध्यमवर्गी माणसाच्या पन्नाशीनंतरच्या छंदांवर कोणी प्रबंध लिहावयास बसला, तर त्यास सामग्रीची वाण खचित पडणार नाही. कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटू लागतो. कोणी पत्रिका मांडू लागतो. कोणी आपल्या कुळाची वंशावळ खणून काढून तिचे मूळ पेशवाईतल्या एखाद्या कारकुनापर्यंत नेऊन भिडवितो. या सर्व छंदांत एक गुण मात्र समान आढळतो. तो हा की, त्यांपायी इतरांस थोडाबहुत उपद्रव सोसावा लागतो. आमच्या वाट्यास आलेल्या छंदाचा उपद्रव मनुष्यजातीस त्या मानाने बेताचाच आहे. आमच्या गॅलरीत जे पक्षी येतात त्यांची छायाचित्रे घेणे, हा तो छंद होय. घरी आलेल्या पाहुण्यांस चहा मिळण्यापूर्वी दहा-वीस छायाचित्रे पाहावी लागतात खरी; पण एवढे कोणत्या घरी सोसावे लागत नाही?

सन २०२० च्या टाळेबंदीत पुष्कळांस पक्षी दिसू लागले. ते त्या वर्षी नव्याने आले होते असे नव्हे; माणसे घरी बसली, इतकाच काय तो फरक. आम्हीही त्या दिवसांत पडद्यावरच्या मुक्या चौकटींकडे पाहून व्याख्याने देत होतो. व्याख्यात्याचे लक्ष श्रोत्यांवरून उडाले की ते कोठेतरी जाऊन बसणारच. आमचे ते दाराबाहेरच्या दोरीवर जाऊन बसले, आणि तेथे अगोदरच एक बुलबुल बसलेला होता. पुढे एक चांगलासा कॅमेरा आणि चारशे मिलिमीटरचे लांब भिंग घरात आले. त्यांची किंमत आमच्या सौभाग्यवतींस पुरी कळली आहे असे आम्हांस वाटत नाही; हा लेख त्यांच्या दृष्टीस पडला तरी ती येथून कळू नये, एवढी काळजी आम्ही घेतली आहे.

आमचे घर पुण्यास, लॉ कॉलेजच्या टेकडीच्या बाजूस, तिसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरी उत्तरेस तोंड केलेली, नऊ फूट लांब व चार फूट रुंद. तिच्यात जास्वंदीच्या दोन कुंड्या, एक कढीलिंब, तुळस, कपडे वाळत घालण्याची दोरी आणि पाण्याने भरलेले मातीचे एक परळ, एवढाच काय तो सरंजाम. दाणे, शेव, शिळा भात वगैरे काही आम्ही ठेवीत नाही. पक्ष्यास खाण्याची लाच देऊन बोलावून आणावे आणि मग "अहाहा, निसर्ग!" म्हणून त्याचे चित्र काढावे, हे आम्हांस फारसे प्रशस्त वाटत नाही. पाण्याची गोष्ट वेगळी. पुण्याच्या वैशाखात पाणी मागणाऱ्यास नाही म्हणू नये. मात्र ते रोज बदलावे लागते. नाही तर पक्ष्यांआधी डासांचेच संमेलन भरते.

तिसऱ्या मजल्याचे महत्त्व ज्यांनी या छंदात पाऊल घातलेले नाही त्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. झाडाखाली उभे राहून वर पाहणाऱ्यास पक्ष्याचे पोट तेवढे दिसते, आणि तेही उजळ आभाळापुढे काळे. आमच्या गॅलरीच्या समोर, शेजारच्या जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी एक उंबर आहे, आणि त्याचा शेंडा बरोबर आमच्या कठड्याच्या उंचीस येतो. म्हणजे उंबरावर बसलेला पक्षी आणि खुर्चीवर बसलेले आम्ही, दोघांचे डोळे एका पातळीवर. रानात हा योग साधण्यासाठी लोक मचाण बांधतात. आम्ही तो वीस वर्षांच्या कर्जाच्या हप्त्यांनी साधला.

पक्ष्याचे छायाचित्र घेणे म्हणजे मुख्यतः वाट पाहणे होय. आणि त्याहूनही अधिक म्हणजे आपण तेथे नाही असे भासविणे होय. इंग्लंडात रिचर्ड व चेरी केर्टन नावाचे दोघे भाऊ होऊन गेले. धाकट्याने सन १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचे अंड्यांसकट छायाचित्र घेतले, आणि पुढे तीनच वर्षांनी दोघांनी मिळून घरट्यांवर एक पुस्तक काढले, ज्यात चित्रकाराच्या कुंचल्याऐवजी सारी कॅमेऱ्याची चित्रे होती. पक्षी बुजू नयेत म्हणून या बंधूंनी काय करावे? त्यांनी एका बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढविले आणि त्या बैलाच्या पोटात शिरून ते माळावर बसू लागले. आम्हांस बैल ठेवणे शक्य नव्हते. सोसायटीच्या नियमांतही तो बसला नसता. म्हणून आम्ही दाराच्या पडद्यास एक भोक पाडले आणि त्यातून भिंगाचे नाक तेवढे बाहेर काढले. पडदा नवा होता. त्या प्रकरणावर घरात जी चर्चा झाली ती येथे देत नाही.

या पडद्याआड बसून आम्ही काय काय पाहिले, हे सांगू लागलो तर मासिकाची पाने पुरणार नाहीत. पण शिंजिराविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. जास्वंदीवर येणारा जांभळा शिंजीर सावलीत पाहावा तर कोळशाचा तुकडा. तोच उन्हात किंचित वळला की गळ्यावर निळा, पाठीवर हिरवा, छातीवर जांभळा असा काही झळकतो की, पाहणाऱ्याने डोळे चोळावे. हा रंग पिसांत रंगद्रव्य असल्यामुळे येत नाही. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तेव्हा तो उपजतो. म्हणून कोन चुकला की रंग गेला. सकाळी ऊन आमच्या उजव्या हाताने येते. साडेआठ ते सवानऊ एवढ्या पाऊण तासात शिंजीर आला तरच त्याचे चित्र शिंजिराचे होते, एरवी ते कोणाही काळ्या पाखराचे म्हणून खपावे. विणीचा हंगाम सरला म्हणजे नर हा झगझगीत पोशाख उतरवून ठेवतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी ठेवून मादीसारखा साधा होतो. पहिल्या वर्षी आमच्या एका स्नेह्यांनी ती निराळीच जात आहे असे छातीवर हात ठेवून सांगितले होते. शिवाय या पक्ष्यास आपले प्रतिबिंब मुळीच सोसत नाही. आमच्या दाराच्या काचेत त्यास रोज एक प्रतिस्पर्धी दिसे, आणि तो चोचीने काचेवर टकटक करून त्यास युद्धाचे आव्हान देई. विद्वानांच्या परिषदांतही असे प्रकार आम्ही पाहिले आहेत. पण तेथे मध्ये काच नसते.

इंग्रजीत बंदुकीस आणि कॅमेऱ्यास क्रियापद एकच लागते. पक्षिशास्त्राचा इतिहास पाहिला तर ते अगदीच अकारण आहे असे म्हणवत नाही. डॉ. सालिम अली यांना पक्ष्यांची गोडी लागली तीच मुळी लहानपणी हवेच्या बंदुकीने एक चिमणी मारल्यामुळे. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कोणती म्हणून विचारावयास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथे कपाटांतून भरून ठेवलेले पक्षी पाहून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक सन १९४१ मध्ये निघाले, आणि सन १९८५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावातही ती चिमणी आलीच. त्या काळी पक्षी नीट ओळखावयाचा तर तो हातात घ्यावा लागे, आणि हातात घ्यावयाचा तर तो आधी पाडावा लागे. आज भिंगाने तो दुरूनच हातात येतो, हा मोठाच लाभ होय. पण आमच्या मराठीचे क्रियापद आम्हांस अधिक आवडते. आम्ही फोटो 'काढतो'. काढणे हा शब्द मोठा सोशिक आहे. दूध काढतात, काटा काढतात, आठवण काढतात, आणि उन्हाळ्याचे दिवसही काढतात. पडद्यामागे तीन-तीन तास बसून एक फोटो काढण्यात या सर्वांचा थोडा थोडा अंश असतो.

आता या कलेतील एका मर्माकडे वळतो. पक्ष्याचे चित्र लोकांस आवडावे असे वाटत असेल, तर पक्ष्याच्या मागे काही दिसता कामा नये. भिंगाचे तोंड जितके मोठे उघडावे आणि भिंग जितके लांब असावे, तितके पक्ष्याच्या मागचे सारे काही विरघळून जाते. फांद्या, पाने, भिंती, विजेच्या तारा या सर्वांचा एक मऊ हिरवा धूर होतो, आणि त्या धुरावर पक्षी पिसा-पिसानिशी कोरल्यासारखा उठून दिसतो. जाणकार लोक चित्र हाती घेतात ते पक्षी पाहण्यापूर्वी ही पार्श्वभूमी पाहतात. आमचा एक जुना विद्यार्थी आता या कलेत नाव मिळवून आहे. आमचा तांबटाचा फोटो पाहून तो म्हणाला, "सर, मागचा रंग काय सुरेख आलाय! स्टुडिओत पडदा लावल्यासारखा." आम्ही मनातून सुखावलो. पाच वर्षांत आम्ही जी नऊ हजारांवर छायाचित्रे काढली त्यांतील जी निवडक म्हणून कागदावर छापून घेतली, त्या सर्वांमागे तोच रंग आहे. उन्हाळ्यात थोडा पोपटी, श्रावणात गर्द, आणि शिशिरात पिवळट तांबूस. तो रंग म्हणजे उंबर.

पक्षी आमच्या गॅलरीत येतात असे आम्ही वर लिहिले, आणि लोकही तसेच बोलतात. पण वस्तुस्थिती अशी की, आमच्या गॅलरीसाठी येणारा पक्षी एकच, आणि तो म्हणजे पारवा. त्याचे पूर्वज डोंगराच्या कड्यांवर, कपारींत राहत आले. आमच्या इमारती त्यास कड्यासारख्या वाटतात, आणि आमची गॅलरी ही एक सोयीची कपार. त्यास झाडाची गरजच नाही. आमच्या मजल्यावरील एका वृद्ध गृहस्थांस पारव्यांच्या विष्ठेमुळे श्वासाचा विकार जडला, तेव्हापासून सोसायटीत जाळ्या लावण्याचा विषय निघतो आहे. मुंबईत तर सन २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली आणि त्यावरून केवढे रण माजले, हे वाचकांस ठाऊक आहे. सन २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. पुष्कळ जातींना उतरती कळा लागलेली असता ज्या थोड्या जाती सुखाने वाढत आहेत, त्यांत पारवा आहे. शहर वाढले म्हणजे त्याचे कडे वाढले! याच्याच कुळातला हरियाल मात्र आमच्या कठड्यावर पाच वर्षांत एकदाही उतरला नाही. हिरवा-पिवळा, पिवळ्या पायांचा हा देखणा पक्षी महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. तो उंबर पिकला की पंधरा-वीसांच्या थव्याने येतो, आणि पानांत असा मिसळून जातो की, झाडावर एकही पक्षी नाही असे म्हणून आपण उठावे तो वीस पक्षी उडावेत.

सारांश, बाकीचे सारे उंबराचे पाहुणे. उंबराकडे जाता-येता ते आमच्या दोरीवर क्षणभर टेकतात, परळातले पाणी पितात, आणि आम्ही त्यास आमच्याकडे आले म्हणून समजतो. उंबराचे फूल या शब्दांनी आपण दुर्मिळ माणसाची थट्टा करतो. पण त्याची फुले दुर्मिळ नसून फळाच्या आत, हजारोंनी, बंद दाराआड फुललेली असतात, आणि एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरून त्यांचे परागीकरण करते. खोडावर, फांद्यांवर घोसच्या घोस लागतात, आणि तेही वर्षातून अनेकदा. रानातली इतर फळे संपली असता उंबर मात्र पिकलेला सापडतो. एखाद्या गल्लीत रात्रंदिवस चालणारी खाणावळ असावी, तसे हे झाड आहे. रात्रपाळीस वटवाघळे येतात.

सन २०२५ च्या एप्रिलात त्या उंबराच्या खोडावर एक कागद चिकटविलेला दिसला. बंगला पाडून तेथे सात मजली इमारत होणार. वाहने उतरावयाचा उतार नेमका उंबराच्या जागी यावयाचा. तरी झाड तोडण्यास कोणाची हरकत असल्यास ती सात दिवसांत लेखी कळवावी. महाराष्ट्रात झाडांच्या रक्षणाचा सन १९७५ चा जो कायदा आहे त्यात ही तरतूद आहे, आणि ती चांगली आहे. पण झाडावर डकविलेला कागद वाचावयास झाडाजवळ जावे लागते, आणि शहरात ही सवय फार थोड्यांस असते.

आम्ही हरकत घेतली. सात दिवसांत काय लिहावयाचे? "झाड सुंदर आहे" हे काही हरकतीचे कारण होत नाही. तेव्हा आम्ही नऊ हजार चित्रे काढून बसलो. अलीकडच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक चित्राच्या पोटात दिवस, तास, मिनिट आपोआप नोंदलेले असते. तेवढ्यापुरता प्रत्येक हौशी मनुष्य आपल्या नकळत कारकून झालेला आहे, आणि अशा कारकुनांच्या नोंदींस हल्ली मोल आले आहे. वर सांगितलेला अहवाल तीस हजारांवर हौशी निरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. मात्र आमची सुरेख म्हणून निवडलेली जी चित्रे होती ती या कामी काही उपयोगी पडेनात. त्यांत पक्षी होता, पण तो कोठे बसला आहे याचा पुरावा नव्हता. मागे नुसता हिरवा धूर. तो पक्षी काश्मिरात बसला होता असे कोणी म्हटले असते तरी त्या चित्राने नाही म्हटले नसते. उपयोगी पडली ती फसलेली चित्रे. कॅमेऱ्याने पक्षी सोडून पुढचे पानच पकडले, पक्षी अर्धा फांदीआड गेला, चोचीत उंबर आणि पक्ष्याचे डोके मात्र अस्पष्ट, अशी ती शेकडो चित्रे. त्यांत झाड लख्ख होते. पानाची शीर न्‌ शीर, फळांचे घोस, खोडाची साल, आणि कोठेतरी कोपऱ्यात धनेशाची शेपटी.

त्यांवरून आम्ही महिनावार तक्ता केला. उंबर खाणारे पक्षी असे: हरियाल, तांबट, कुटुरगा, बुलबुलांच्या दोन जाती, कोकीळ, साळुंकी, पोपट, राखी धनेश, आणि हिवाळ्यात भोरड्या व हळद्या. केवळ किड्यांसाठी येणारे दयाळ, नाचण, शिंपी, चष्मेवाला हे निराळे. एकूण पंधरा जाती, आणि वर्षाचा एकही महिना रिकामा नाही. तक्ता जोडून अर्ज दिला. सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी तो आदरपूर्वक चाळला आणि विचारले, "सर, यांपैकी घरटी किती जणांची आहेत?" आम्ही म्हणालो, कावळ्याचे एक. त्यांनी 'एक' असे लिहून घेतले. मनुष्य वाईट नव्हता. त्याच्यापुढील छापील कागदावर घरट्यांसाठी रकाना होता, जेवावयास येणाऱ्यांसाठी नव्हता. झाडाचे वय विकासकाच्या सल्लागारांनी अंदाजे चाळीस वर्षे धरले होते. या आकड्यास फार महत्त्व होते. सन २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडास 'हेरिटेज' वृक्षाचा मान व अधिक संरक्षण मिळते. आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावावी लागतात. वय कसे ठरवावयाचे? झाड पत्रिका घेऊन जन्मास येत नाही.

येथवरची हकीकत वाचून वाचकांच्या मनात बंगल्याच्या मालकांविषयी जे चित्र उभे राहिले असेल ते पुसून टाकणे आमचे कर्तव्य आहे. मालकीण पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत. आम्ही त्यांस काकू म्हणतो. निजावयाची खोली माडीवर, गुडघे दोन्ही गेलेले, मुलगा परदेशी, आणि बंगल्याच्या छपरातून पावसाळ्यात चार ठिकाणी गळती. नव्या इमारतीत त्यांना विजेचा पाळणा आणि तळमजल्याच्या उंबरठ्यापर्यंत गाडी मिळावयाची होती. यात कोणाचे काय चुकले? हरकत घेण्यापूर्वी आम्ही त्यांस भेटून सांगितले होते. तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "घ्या की. पण प्रोफेसर, पक्षी तुमच्या गॅलरीत आणि केर माझ्या अंगणात, हे पन्नास वर्षं चाललंय बरं का." पिकलेल्या उंबरांचा खाली केवढा चिखल होतो, त्यावर केवढ्या माश्या बसतात, हे आम्हांस वरून कधीच दिसले नव्हते. तो चिखल त्यांनी स्वतः खराट्याने काढला, आणि गुडघे गेल्यावर मोलकरणीकडून काढविला. दर गुरुवारी बुंध्याशी दिवा लावला तोही त्यांनीच. झाड तोडावयाचे ठरले त्या रात्री झोप लागली नाही असे त्या म्हणाल्या. आणि लगेच असेही म्हणाल्या की, माडीचा जिना चढताना तरी कुठे झोपेत असते मी!

त्यांच्या "पन्नास वर्षं" या शब्दांनी आमचे कान टवकारले, हे लपवीत नाही. पण बोलण्याच्या ओघातले आकडे पुरावा होत नसतात. सुनावणीनंतर पुन्हा भेटावयास गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुने बासन काढविले. त्यात काळ्या कागदांवर चिकटविलेली छायाचित्रे होती. एका चित्रात मुंजीचा बटू, लंगोटी लावून, दंड घेऊन उभा. शेजारी तरुण काकू. खाली शाईने तारीख: मे १९७२. "दुष्काळाचं साल," काकू म्हणाल्या. "पाणी नव्हतं, म्हणून मुंज पन्नास पानांत उरकली." छायाचित्रकाराने आपले सारे कसब बटूच्या मुखावर खर्च केले होते. तथापि त्याच्या साध्या भिंगाने पुढचे-मागचे सारेच सारखे टिपले होते; आणि बटूच्या मागे, कुंपणाशी, बटूच्या कमरेएवढ्या जाडीचा एक उंबर उभा होता.

आम्ही काही बोललो नाही. काकूंचे डोळे अधू असले तरी त्यांस आमची नजर कोठे खिळली ते दिसले. "वय मोजताय ना?" त्यांनी विचारले. आम्ही हो म्हणालो. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून जावे, त्याने विश्वासाने आपला संसार उघडून दाखवावा, आणि आपण त्यातून त्याच्याविरुद्ध पुरावा वेचून न्यावा, हे आमच्याने होण्यासारखे नव्हते; आणि पाहिलेले न पाहिल्यासारखे करून गप्प बसणे हेही होण्यासारखे नव्हते. तेव्हा तेथेच, त्यांच्या समोर बसून, सारे सरळ सांगितले. हे चित्र दाखविले तर काम लांबेल, कदाचित नकाशा बदलावा लागेल, कदाचित विकासक पाय काढता घेईल. हे चित्र आपले आहे. आपण म्हणाल तसे. काकू बराच वेळ त्या चित्राकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "याच्या मुंजीत आमचे हे होते. हा फोटो त्यांनीच काढवला. दोन दिवस ठेवा माझ्याकडे."

तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडील बाई ते चित्र एका लिफाफ्यात घालून आमच्याकडे घेऊन आली. सोबत चिठी होती. "प्रत काढून घ्या, मूळ परत करा. मुलाशी बोलले. तो म्हणतो, गाडीचा उतार दुसऱ्या बाजूनं होतो का बघू म्हणावं. लिफ्ट मात्र मी सोडणार नाही."

त्या गोष्टीस आता बरेच महिने झाले. प्रत कार्यालयात दाखल आहे. वास्तुरचनाकारांनी उतार पूर्वेस हलवून नवा नकाशा केला; त्यात मोटारींच्या दोन जागा कमी होतात, आणि त्या दोन जागांची भरपाई कोणी करावयाची यावर सध्या घोडे अडले आहे. निकाल लागलेला नाही. खोडावरचा कागद पावसाने धुऊन गेला. चार खिळे तेवढे शिल्लक आहेत. काकू खालच्या दिवाणखान्यातच खाट टाकून राहतात. मध्यंतरी त्यांनी झाडाचा एक चांगलासा फोटो मागितला होता. त्यासाठी आम्ही साधे भिंग घेऊन प्रथमच त्या अंगणात उतरलो. झाड एका चौकटीत मावेना; कुंपणापलीकडे रस्त्यावर जाऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या दुचाक्या चुकवीत, तो काढावा लागला. त्यात एकही पक्षी नाही.

मार्गशीर्षात उंबरास पुन्हा बहर आला. हरियाल आले, भोरड्या आल्या, आणि तीन वर्षांनी हळद्याही दोन दिवस दिसला. आम्ही आता भिंगाचे तोंड पूर्वीपेक्षा बरेच बारीक ठेवतो. त्यामुळे प्रकाश कमी मिळतो, काही चित्रे हलतात, आणि पक्ष्याच्या मागे पाने, देठ, फळे, मुंग्या, सारे काही दिसते. परवा आमचा तो विद्यार्थी आला होता. हळद्याचे चित्र त्याने लांब धरून पाहिले, जवळ आणून पाहिले, आणि अदबीने म्हणाला, "छान आहे, सर. फक्त मागं जरा गर्दी झालीय."